चांगला हेडफोन किती वर्षं टिकतो आणि टिकवायचा कसा: पुण्याच्या हवेत वापरणाऱ्यांसाठी

हेडफोन घेताना "किती वर्षं चालेल?" असं विचारलं की काउंटरवरचा माणूस "आरामात चालेल, काळजीच नको" म्हणतो. वॉरंटी कार्डावर बहुतेक वेळा एक वर्ष छापलेलं असतं. दोन्हींतून काहीच कळत नाही, कारण हेडफोनला एकच एक वय नसतं. आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरचं वय वेगळं, कानावरच्या गाद्यांचं वेगळं, वायरचं आणि बिजागरीचं वेगळं, आणि बॅटरीचं तर अगदीच वेगळं. यातला जो भाग आधी जातो आणि बदलून मिळत नाही, तिथे हेडफोन संपतो.

सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ चा, सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा आणि एचडी ६०० हा १९९७ चा. तिन्ही मॉडेलं अजून विकली जातात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी घेतलेला नगही गाद्या बदलून रोज वापरता येतो. उलट तितक्याच पैशांचे बड्स, म्हणजे डबीत चार्ज होणारे बिनवायरीचे इअरफोन, तिसऱ्या वर्षी खणात पडलेले असतात. म्हणून आपल्या हेडफोनमधलं काय बदलता येतं, हे आधी बघायचं.

पायरी १: आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

खालचे आकडे रोज दोन ते चार तास वापर धरून दिलेले आहेत. ते अंदाज आहेत, हमी नव्हे.

वायरवाला मोठा हेडफोन, ज्याची वायर काढता येते आणि गाद्या मिळतात: १० ते २० वर्षं. वायर पक्की जोडलेली असेल तरी सोल्डर करणारा माणूस ओळखीचा असला की तेवढाच चालतो.

वायरवाले कानातले इअरफोन, वायर सुटी होणारे: ५ ते ८ वर्षं, पण वायर दर दीड-दोन वर्षांनी नवी. वायर पक्की असेल तर वायर गेली की सगळंच गेलं.

ब्लूटूथचा मोठा हेडफोन: ४ ते ६ वर्षं. गाद्या आणि बॅटरी बदलली तर ८ पर्यंत.

बड्स: २ ते ३ वर्षं.

शेवटच्या दोघांमध्ये एवढा फरक का, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मोठा हेडफोन एका चार्जवर ३० तास चालतो असं धरा. रोज दोन तास वापर म्हणजे महिन्याला ६० तास, म्हणजे महिन्यात दोनच पूर्ण चार्ज आणि वर्षाला २४. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर आपल्या क्षमतेचा पाचवा हिस्सा गमावते. २४ च्या वेगाने ५०० ला पोहोचायला वीस वर्षं लागतील. म्हणजे मोठ्या हेडफोनची बॅटरी वापरून झिजत नाही. ती उष्णतेने आणि पडून राहून म्हातारी होते.

आता बड्स. एका चार्जवर ५ तास. हिंजवडीला जाता-येता आणि मधल्या मीटिंगा धरून रोज ४ तास. दिवसाला ०.८ चार्ज, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २४० चार्ज. दोन वर्षांत ५०० जवळ आले. शिवाय बड्स डबीत ठेवले की प्रत्येक वेळी पुन्हा पूर्ण भरले जातात, आणि ५० एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप) आसपासच्या त्या चिमुकल्या सेलला ते फारसं मानवत नाही. एकच बड कानात घालून फोनवर बोलायची सवय असेल तर तो दुसऱ्याच्या आधी जातो. "डावा लवकर उतरतो" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पायरी २: कागदपत्रं आणि साधनं जमवून ठेवा

कागदपत्रं खरेदीच्या दिवशीच गोळा करा:

– जीएसटी क्रमांक आणि सीरियल नंबर असलेलं बिल. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. घरी पोचायच्या आत त्याचा फोटो काढा.
– खोक्यावरच्या सीरियल नंबरचा आणि हेडफोनवरच्या सीरियल नंबरचा फोटो. दोन्ही जुळतात का तेही बघून घ्या.
– ब्लूटूथ असेल तर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक. 'आर-' आणि पुढे आठ अंक, असा तो छापलेला असतो. नसेल तर माल बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि अशा मालाला इथलं सर्व्हिस सेंटर दारात उभं करत नाही.
– वॉरंटीच्या अटी. गाद्या, वायर आणि सोबतची पिशवी यांना पूर्ण मुदत मिळते की कमी, ही ओळ शोधा. ती नेहमी बारीक अक्षरात असते.

वॉरंटीत असूनही कोणी टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं म्हणून दिल्ली गाठायला नको.

साधनं: साधा डिजिटल मल्टीमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट (चौफुली टोकाचे दोन आणि एक टॉर्क्स टी५), प्लॅस्टिकची पातळ पट्टी, चिमटा, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि सिलिका जेल. सोल्डरिंग स्वतः करायचं असेल तर तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिमी सोल्डर तार, रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा) आणि हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी, नळी. हे सगळं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात एका फेरीत मिळतं. दुपारच्या वेळी तिथे गाडी लावायचा विचार सोडा, चालत जा.

पायरी ३: वीस मिनिटांची तपासणी

दर सहा महिन्यांनी एकदा करा. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी तर नक्कीच. पुढच्या सगळ्या चाचण्या कमी आवाजात करायच्या.

१. दोन्ही कानांचा समतोल. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा आणि एकट्या गायकाचं काहीतरी लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव कपाबरोबर बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनचा किंवा फोनचा. तुमच्या त्याच कानाला कमी ऐकू येत राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. कानातला मळ काढल्यावर 'बिघडलेला' हेडफोन दुरुस्त झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

२. खरखर. २० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर वाजवा. अशी मोफत अ‍ॅप्स मिळतात. मध्येच कुठेतरी पतंगाच्या कागदासारखी फरफर आली तर ड्रायव्हरच्या पडद्याला केस टेकलेला असतो किंवा पडदा सुटत आलेला असतो. पहिली शक्यता जास्त, आणि ती फुकटात निस्तरते.

३. गादीची पकड. बंद पाठीचा (कप बाहेरून बंद असलेला) हेडफोन घालून ठेक्याचं गाणं लावा आणि दोन्ही कप हातांनी हलकेच दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून येत असेल तर गाद्या दबून चपट्या झाल्या आहेत. चष्म्याच्या दांडीमुळेही फट पडते, म्हणून एकदा चष्मा काढून करा.

४. वायर. गाणं चालू ठेवून पिनपासून कपापर्यंत वायर दोन-दोन इंचांवर हळूच वाकवत जा. जिथे आवाज तुटतो तिथे खूण करा. वायर सहसा दोनच ठिकाणी तुटते: पिनपासून पहिल्या चार सेंटिमीटरमध्ये, नाहीतर कपात शिरते तिथे.

५. मल्टीमीटर. ओहमवर ठेवून एक टोक पिनच्या मुळाच्या भागाला, दुसरं आधी शेंड्याला आणि मग मधल्या कड्याला लावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि मॉडेलच्या छापील ओहमच्या आसपास हवेत. अनंत दाखवलं तर तार तुटली, शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट आहे. ब्लूटूथ हेडफोनवर ही चाचणी चालत नाही, मध्ये सर्किट असतं.

गायकाचा आवाज गायब आणि उरलेलं संगीत विहिरीतून आल्यासारखं वाटत असेल तर हेडफोन जळला असं समजू नका. पिनपाशी कॉमन तार, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक तार, तुटलेली आहे. तेव्हा दोन्ही ड्रायव्हर एकापुढे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यात जे समान असतं, म्हणजे नेमका मधला गळा, ते वजा होतं.

आणि कप दाबल्यावर किंवा बड कानात खुपसल्यावर 'करकर' असा बारीक आवाज आला तर घाबरायचं कारण नाही. हवेच्या दाबाने पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. नव्या नगातही येतो.

पायरी ४: गाद्या

पुण्यात सगळ्यांत आधी गाद्याच जातात. काळं 'लेदर' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला ओलावा या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडतो. म्हणून खोक्यात न वापरता ठेवलेल्या जोडीचेही चार-पाच वर्षांनी पापुद्रे निघतात. 'जपून ठेवलाय' याला इथे अर्थ नाही. घाम आणि केसांचं तेल हे काम आणखी लवकर करतात. डोक्याला खोबरेल चोपडून लगेच हेडफोन घालणाऱ्याची वरची पट्टी वर्षभरात चिकट होते.

कृत्रिम लेदर दीड ते तीन वर्षं, मखमली कापड तीन-चार वर्षं, आतला फोम दोन्हींत साधारण दोन वर्षांत बसतो. वरून गादी चांगली दिसत असली तरी जाडी मोजा. कप खाली ठेवून मोजपट्टीने बघा. नव्या गादीच्या दोन-तृतीयांशपेक्षा कमी भरली तर बदलायची वेळ झाली. बसलेल्या गादीमुळे कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, आवाजाचा पोत बदलतो आणि ड्रायव्हर थकला असा भास होतो.

बदलताना हा क्रम ठेवा.

१. मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. एका अक्षराने गादी बदलते.
२. जुन्या गादीची बाहेरची लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. ती कशी बसते तेही बघा: ओठासारखी कड खाचेत जाते, प्लॅस्टिकच्या कडीवर टिचकते की दुहेरी टेपने चिकटते.
३. कड असेल तर एका बाजूने बोटाने उचलून फिरवत काढा. टिचकणारी असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर घातला की कपाची धार चेपते आणि मग नवी गादी कधीच नीट बसत नाही.
४. ड्रायव्हरवरचा पातळ फोम जुना असेल तर तो हात लावताच भुगा होतो. ब्रशने उचला, फुंकू नका. तोंडातला ओलावा आत जातो.
५. नवी गादी खाचेत बसवताना जुनं चिंचोळं व्हिजिटिंग कार्ड कडेने फिरवा. नखांनी ओढू नका, शिवण उसवते.
६. तपासणीतली तिसरी चाचणी पुन्हा करा.

इथे एक सापळा आहे. आवाज रोखणाऱ्या, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनच्या हेडफोनमध्ये गादीच्या आतली जाळी आणि फोमही त्या यंत्रणेचा भाग असतो. स्वस्तातल्या बदली गादीत ती जाळी वेगळी असते किंवा नसतेच. मग बसची घरघर पुन्हा ऐकू येते, कधी कधी शिट्टीसारखा आवाज येतो, आणि लोक सर्किट बिघडलं म्हणून दुकान गाठतात. जुन्या बसलेल्या गादीनेही नेमकं हेच होतं. नॉइज कॅन्सलेशन 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असं वाटलं की आधी गादी बघा आणि मग माइकच्या भोकांत साचलेली धूळ.

मखमली गाद्या धुता येतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, हाताने दाबायच्या, पिळायच्या नाहीत, पंख्याखाली ४८ तास वाळवायच्या. कृत्रिम लेदर फक्त ओल्या मलमलीने पुसायचं. सॅनिटायझर त्यावर कधीच नाही.

पायरी ५: वायर आणि पिन

सुटी वायर असेल तर बदला आणि पुढे चला. फक्त जोडणीचा प्रकार बघा: ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला पिळून अडकणारी २.५ मिमी पिन लागते, एचडी ६०० ला दोन काड्यांची. कानातल्या इअरफोनमध्ये ०.७८ मिमीच्या दोन काड्या किंवा एमएमसीएक्स नावाची गोल, टिचकून बसणारी जोडणी असते. एमएमसीएक्स गोल फिरते आणि वारंवार काढघाल केली की सैल होते. कारण नसताना उघडू नका.

पक्की वायर पिनपाशी तुटली असेल तर नवी ३.५ मिमी पिन लावायची. काम अर्ध्या तासाचं आहे, पण पहिल्यांदा करणारे ठरावीक जागी चुकतात.

१. तुटलेल्या जागेच्या ४-५ सेंमी पुढे वायर कापा.
२. नव्या पिनचं झाकण आणि हीट-श्रिंक नळी आत्ताच वायरीत ओवून ठेवा. सोल्डर मारून झाल्यावर आठवतं की झाकण टेबलावरच राहिलं, हे इतक्या जणांचं होतं की ही पायरी मोठ्या अक्षरात लिहायला हवी.
३. वरचं आवरण १२ ते १५ मिमी सोला. आत रंगीत लाखेच्या केसासारख्या तारा दिसतील. बहुतेक वेळा लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी म्हणजे डावा, तांब्याच्या रंगाची कॉमन. कॉमन दोन असल्या तर एकत्र पिळा. माइक असेल तर आणखी एक तार असते.
४. या तारांवर लाखेचा थर असतो, नुसतं सोल्डर चिकटत नाही. ब्लेडने खरवडू नका, तारा तुटतात. आयर्न ३७० अंशांवर ठेवा, टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तारेचं टोक फ्लक्स लावून त्या थेंबात बुडवा. धूर येऊन टोक चकचकीत झालं की लाख गेली. तारांमध्ये मजबुतीसाठी धागा असतो, तो जळून काळा होतो. चिमट्याने काढून टाका. खिडकी उघडी ठेवा.
५. पिनला जोडायच्या आधी मल्टीमीटरने प्रत्येक बाजू मोजा. रंग फसवे असू शकतात, ओहम नाही.
६. शेंड्याच्या पत्रीला डावा, मधल्या कड्याला उजवा, मुळाला कॉमन. माइकवाल्या चार भागांच्या पिनमध्ये, हल्लीच्या फोनांच्या पद्धतीप्रमाणे, शेंडा डावा, पुढचं कडं उजवा, त्यापुढचं कॉमन आणि मूळ माइक.
७. पिनचे पकडायचे दात वायरच्या आवरणावर दाबा, उघड्या तारांवर नाही. ओढ आवरणाने सोसली पाहिजे.
८. नळी आकसवा, झाकण फिरवा, पुन्हा मोजा.

वायर कपापाशी तुटली असेल तर कप उघडावा लागतो आणि ड्रायव्हरच्या टोकांवर सोल्डर मारावं लागतं. तिथे आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर प्लॅस्टिक वितळून आतली बारीक तार सुटते, आणि ती जोडायला घड्याळजीचा हात लागतो. पहिलंच काम असेल तर हे दुसऱ्याला द्या.

पायरी ६: बॅटरी

बॅटरी मेली असा निकाल देण्याआधी चार्जिंगचे बिंदू साफ करा. बडच्या सोनेरी टिकल्यांवर घामाचं मीठ आणि मळ बसतो आणि तो डबीत चार्जच होत नाही. आयसोप्रोपिलची काडी फिरवा, पाच मिनिटं थांबा, मग बघा. डबीच्या आतल्या काड्याही पुसा.

मोठ्या हेडफोनला वायर जोडायची सोय असेल तर त्याची बॅटरी पूर्ण उतरलेली असताना वायर लावून बघा. काही मॉडेलं तशीही वाजतात, काही मुकी होतात. पहिल्या प्रकारची असतील तर बॅटरी गेल्यावरही हेडफोन हातात राहतो. नवा घेताना ही गोष्ट मी आवाजाच्या बरोबरीने तपासेन.

बदलायची झाली तर जुन्या सेलवरचा सहा अंकी आकडा बघा. ५०३०४० म्हणजे जाडी ५.० मिमी, रुंदी ३० आणि लांबी ४०. व्होल्ट तेच हवेत, एमएएच तितकेच किंवा थोडे जास्त. जाडी अर्धा मिलिमीटरही जास्त नको, कारण सेल वापरात थोडा फुगतो. सेलच्या डोक्याला संरक्षक सर्किटची बारीक पट्टी हवी. तारा किती आहेत तेही मोजा: दोन असतील तर साधा सेल, तीन असतील तर तिसरी तापमान सांगणारी. तीनच्या जागी दोनचा सेल लावला तर हेडफोन चार्जच घेत नाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही: नव्या सेलचा कनेक्टर सारखा दिसतो म्हणून थेट खुपसणं. लाल-काळ्याची बाजू उलटी असू शकते आणि बोर्ड क्षणात जातो. आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा, मग मल्टीमीटरने ताडून बघा. तारा कापाव्याच लागल्या तर एका वेळी एकच. दोन्ही एकदम कापल्या की कात्रीच शॉर्ट करते.

काही जुन्या बड्समध्ये १२५४ मापाचा गोल सेल असतो, १२ मिमी व्यासाचा आणि ५.४ मिमी उंचीचा. सॅमसंगचे २०१९ चे गॅलेक्सी बड्स त्यांतलेच. असे बड्स उघडून सेल बदलता येतो. बाकी बहुतेक बड्स गोंदाने बंद केलेले असतात; उघडले की पाणी-घामापासूनचं संरक्षण गेलं. नवशिक्याने नादी लागू नये.

युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम केला आहे. घाई नसेल तर नवा महाग हेडफोन घेताना हे लक्षात ठेवा. तिकडच्यासाठी बदललेली बांधणी इकडेही येईल अशी आशा करायला हरकत नाही.

कपाची फट उघडलेली दिसली, कप एका बाजूने फुगला किंवा गोडसर वास आला तर चार्जिंग लगेच बंद. टोचायचं नाही, दाबायचं नाही, वाळू घातलेल्या धातूच्या डब्यात ठेवून पायरी ९ कडे जा.

पायरी ७: पुण्याची हवा

जून ते सप्टेंबर हा वाईट काळ. मखमली गादीवर आणि डोक्यावरच्या पट्टीत पांढरट-हिरवी बुरशी येते, पिनवर काळपट थर चढतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की ओलावा भरला. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्टचं संयुग असतं. स्वयंपाकघराच्या आसपास केशरीच बरे.

हेडफोन दुचाकीच्या डिकीत किंवा पाठपिशवीत भिजला तर तांदळात पुरू नका. पिठूळ धूळ जाळीत जाते आणि ओलावा आहे तिथेच राहतो. बंद करा, गाद्या काढा, कप खाली तोंड करून पंख्याखाली ४८ तास ठेवा. मध्ये 'चालू होतोय का' बघायचं नाही.

मार्च ते मे वेगळं संकट. पारा ४० च्या आसपास असताना उन्हात लावलेल्या मोटारीत हेडफोन राहिला तर गोंद सैल होतो आणि बॅटरी वेगाने म्हातारी होते, त्यातही पूर्ण चार्ज असेल तर जास्तच. बरेच दिवस वापरणार नसाल तर ४० ते ६० टक्के चार्ज ठेवा आणि दर तीन महिन्यांनी थोडा भरा. अगदी शून्यावर वर्षभर पडलेली बॅटरी अनेकदा परत उठत नाही.

टांगायचा असेल तर खिळ्याला नको, पट्टीच्या फोमला खाच पडते. हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिमी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणून भिंतीला लावा. विकतच्या स्टँडपेक्षा तो काही वाईट दिसत नाही.

पायरी ८: दुरुस्त करायचा, की नवा किंवा जुना घ्यायचा

ड्रायव्हर सहसा शेवटपर्यंत टिकतो. केस अडकला असेल तर गादी आणि जाळी काढून मऊ ब्रशने किंवा हाताने दाबायच्या ब्लोअरने काढा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा कॉम्प्रेसरची हवा लावली तर पडदा गेलाच. लोखंडाचा कीस असलेल्या टेबलावर कप उघडू नका, आतलं चुंबक तो ओढून घेतं.

साधा नियम: वॉरंटी संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च आजच्या नव्या किमतीच्या एक-तृतीयांशच्या आत असेल तर करा. गाद्या आणि वायर यात जवळजवळ नेहमी बसतात. वायरलेसचा मुख्य बोर्ड बसत नाही. बिजागरीचं प्लॅस्टिक तडकलं तर ते चिकटवून टिकत नाही. सुटा भाग मिळाला तरच हात घाला.

जुना घ्यायचा असेल तर, जुन्या बाजारात असो की ओळखीतून, मल्टीमीटर खिशात ठेवा. एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन. पिनवर तीसच्या आसपास आकडा आला तर तो एचडी ६०० नव्हे, वरचं नाव काहीही असो. गाद्या फाटलेल्या असतील तर काही बिघडत नाही, उलट भाव पाडायला उपयोगी. ब्लूटूथ जुना घेणं मात्र टाळा: दुसऱ्याच्या बॅटरीचं वय बाहेरून कळत नाही. जुने बड्स तर स्वच्छतेच्या दृष्टीनेही नकोत.

पायरी ९: टाकून देताना

२०२२ च्या नियमांनुसार ई-कचरा आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. दारावर येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा. ई-कचरा त्या वेगळा घेतात, किंवा गोळा करण्याची मोहीम कधी आहे ते सांगतात. देताना सुक्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळ्या पिशवीत द्या आणि आत बॅटरी आहे हे तोंडाने सांगा. फुगलेला सेल असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा. देण्यापूर्वी फोनमधून जोडणी पुसा, आणि चांगली वायर, पट्टी, स्क्रू काढून डबीत ठेवा. त्याच मॉडेलचा दुसरा नग घरात किंवा शेजारी असेल तर हेच भाग पुढच्या पावसाळ्यानंतर उपयोगी पडतील.